हवा छान असली की

त्या गावात टीव्हीचं आणि चांगल्या हवेचं कधी पटलंच नाही. पाऊस झोडपत असला की चित्र कसं लख्ख. पण चार दिवस ऊन पडलं, वारा मेला, समुद्र निपचित झाला, की पडद्यावरच्या माणसांचे चौकोनी तुकडे पडायला लागायचे. अशा हवेत लांबलांबचे सिग्नल समुद्र ओलांडून येतात आणि घरच्या सिग्नलच्या उरावर बसतात, हे वेल्सच्या त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उपायही सगळ्यांना ठाऊक होता, तो म्हणजे काहीच न करणं. रिमोट खाली ठेवायचा, चहाचं आधण टाकायचं, हवा फिरली की चित्र आपोआप परत येतं. टीव्हीला वाहिन्या नव्यानं शोधायला मात्र चुकूनही सांगायचं नाही. सांगितलं की त्याला घरच्या वाहिन्या सापडत नाहीत आणि असलेल्याही तो पुसून टाकतो.

इदवलला हे गावात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. पन्नास वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. दरवर्षी उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या हातातून रिमोट हिसकावून घेऊन "हात लावू नका रे, गाढवांनो" म्हणणारा तोच. आणि त्या दुपारी नेमकं त्यानंच ते केलं.

सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. नात माब्ली मुलांच्या गाण्याच्या मोठ्या उत्सवाला गेली होती, तिची आई मेरेरिद बरोबर होती. तिथं सकाळी चाचणी होते, ढीगभर मुलं गातात, आणि त्यांतल्या फक्त तिघांना दुपारी मोठ्या मंचावर बोलावतात. त्या तिघांचं गाणं वेल्श वाहिनीवर थेट दाखवतात. जेवणाच्या वेळेला फोन खणखणला.

"बाबा, मंच मिळाला!" मेरेरिद ओरडत होती. "तिघांत आहे माब्ली! शेवटी गाणार आहे. आईला सांगा, आत्ताच्या आत्ता सांगा!"

"ऐकलंय आईनं," इदवल म्हणाला. "अख्ख्या गल्लीनं ऐकलंय."

आई, म्हणजे इदवलची बायको एलिनेद, बैठकीच्या खोलीत आणलेल्या दवाखान्याच्या पलंगावर पडून होती. जिना चढणं तिनं हिवाळ्यातच सोडलं होतं आणि आता उठून बसणंही सोडलं होतं. चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, मुलांना गाणं शिकवण्यात तिचा जन्म गेला. तिच्या शिकवण्यात एकच मंत्र होता: खांदे खाली. श्वास पोटातून घ्या, खांद्यांतून नको. गाणाऱ्या पोराच्या मागे जाऊन ती त्याच्या खांद्यांवर नुसते तळवे ठेवायची. माब्लीचं हे गाणंही तिनं या पलंगावरूनच बसवून घेतलं होतं. निघताना पोरीला तिनं दम भरला होता, "मी इथून बघत असेन. खांदे उचललेस तर अशी ओरडेन की तुला तिथं ऐकू येईल."

म्हणून तिनं दुपारचं औषध घेतलं नव्हतं. ते घेतलं की दुखणं थांबे, पण डोळेही मिटत. नर्स सकाळी दारात इदवलला हळूच म्हणाली होती की आता जे बोलायचं, दाखवायचं असेल ते आजउद्यातच उरकून घ्या. मेरेरिद नंतर फोनवर टिपलेलं दाखवील, हे खरं. पण तेव्हा बघायला एलिनेद असणार होती का? इदवलला या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं आणि ते तो स्वतःलासुद्धा सांगत नव्हता.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. समुद्रावर एक लाट नव्हती.

कार्यक्रम सुरू झाला आणि निवेदिकेच्या हसऱ्या तोंडाचा अर्धा भाग उजवीकडे सरकून थिजला. मग सगळा पडदा हिरव्या-गुलाबी चौकोनांनी भरला. मग काळा झाला. सिग्नल नाही, असं त्यावर लिहून आलं.

"राहू दे," एलिनेद म्हणाली. "येईल."

इदवल खुर्चीत बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. चित्र क्षणभर आलं, मंचावरची फुलं दिसली, पियानोचा एक सूर आला आणि चित्र पुन्हा गेलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं चादर मुठीत धरली होती, बोटं पांढरी पडली होती. हे दुखणं ती या चौकोनांसाठी सोसत होती.

"थोडं औषध घेतेस?"

"गाणं झाल्यावर."

"अगं पण..."

"गाणं झाल्यावर म्हटलं ना."

त्यानं रिमोट उचलला.

"इदवल. हात लावू नकोस. तूच सगळ्यांना सांगतोस ना?"

सांगत होता, बरोबर आहे. पण वसंतापासून त्यालाही सगळे हेच सांगत आले होते. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही नाही. नर्स म्हणाली, नुसतं जवळ बसा. पाद्रीबुवा म्हणाले, देवावर सोडा. ज्याच्या हातानं कधी बंद इंजिन बंद ठेवलं नाही त्यानं बसायचं, बसायचं आणि बसायचं! त्याला आता बसवत नव्हतं. आधीच्या वाहिन्या पुसल्या जातील, चालेल का, असं टीव्हीनं विचारलं आणि इदवलनं हो म्हटलं.

पडद्यावरची शोधाची पट्टी मुंगीच्या पायांनी पुढे सरकली. शेवटाला पोचली. पडद्यावर चित्र आलं, अगदी लख्ख. घोड्यांची शर्यत चालली होती आणि समालोचक आयरिश थाटात किंचाळत होता. पुढची वाहिनी, आयरिश बातम्या. त्याच्या पुढची, आयरिश स्वयंपाक. समुद्रापलीकडचा सगळा देश घरात शिरला होता आणि घरची वाहिनी नावालाही उरली नव्हती.

"मूर्ख आहेस," एलिनेद म्हणाली. रागानं नाही, दमून म्हणाली.

पुढे जे झालं त्याला दुरुस्ती म्हणता यायचं नाही. त्यानं वाहिन्या पुन्हा शोधल्या, पुन्हा घोडेच आले. माळ्यावर चढून सिग्नल वाढवणारी डबी काढली, जोडली, वायरीचं टोक फुंकलं, कोळिष्टकं तोंडावर घेऊन खाली आला, तरी घोडेच. मग अंगणातली शिडी धुराड्याला लावली आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस छपरावर चढला. अँटेना डोंगरावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून नीट उभी होती. तिचं काही चुकलं नव्हतं. इदवलनं तरीही ती दोन्ही हातांनी धरली, थोडी डावीकडे फिरवली, थोडी उजवीकडे, आणि आतमध्ये ओरडला, "आता?"

एलिनेदचा आवाज छपरापर्यंत पोचणारच नव्हता. हे त्याला वर गेल्यावर कळलं. तो तिथंच धुराड्याला धरून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं.

"ए म्हाताऱ्या!" समोरच्या घरातून नेस्ता धावत रस्त्यावर आली होती. तिच्या छपरावर उपग्रहाची थाळी होती, तिला हवेचं सोयरसुतक नव्हतं. "मरायचंय का? खाली उतर! दुसरी मुलगी गायला लागलीय, ये माझ्याकडे बघायला!"

"मला नाही बघायचं! तिला बघायचंय! तिला कशी आणू तुझ्याकडे?"

नेस्ता कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "फोन! मी तुझ्या घरी फोन लावते आणि माझा फोन टीव्हीला चिकटवून धरते. चित्र नाही तर नाही, आवाज तरी मिळेल. हल की आता, मेल्या!"

इदवल कसा उतरला ते त्याचं त्यालाच माहीत. तो आत आला तेव्हा फोन वाजत होता. पण फोन होता दाराजवळच्या पॅसेजमध्ये, जुना, वायरीचा. वायर भिंतीच्या कडेनं खिळ्यांनी ठोकलेली, त्यानंच ठोकलेली, अगदी सरळ रेषेत. त्यानं ती दोन्ही हातांनी धरून ओढली. खिळे टपटप उडाले, रंगाचे पापुद्रे सांडले. तुटू नकोस बाई, असं तो वायरीला मोठ्यानं म्हणत होता. ती तुटली नाही, पण पलंगापर्यंत पुरलीही नाही. पलंगाच्या चाकांचा अडसर काढून त्यानं पलंगही दाराकडे ओढला आणि फोन एलिनेदच्या कानाला लावला. स्वतःचं डोकं त्याच्या दुसऱ्या बाजूला टेकवलं.

आधी टाळ्या ऐकू आल्या. मग पियानो. मग डब्यातून आल्यासारखा, बारीक, पण ओळखू येणारा आवाज. माब्ली गात होती.

एलिनेदनं डोळे मिटले. तिचे ओठ शब्दांवर हलत होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. टाळ्या वाजल्या आणि त्यांच्यावरून नेस्ताच्या रडण्याचा आवाज आला.

"खांदे?" एलिनेदनं विचारलं.

इदवल फोनमध्ये ओरडला, "नेस्ता! पोरीनं खांदे उचलले का? एलिनेद विचारतेय!"

"नाही रे, अजिबात नाही!" नेस्ता तिकडून म्हणाली. "सांग तिला, पुतळ्यासारखी उभी होती!"

"नाही उचलले," इदवल बायकोला म्हणाला.

"उचलले," एलिनेद म्हणाली. "पहिल्या कडव्यात. श्वास वरच अडकला होता. ते ऐकू येतं मला, बघावं लागत नाही." मग म्हणाली, "दुसऱ्यात आठवलं तिला. तिसऱ्यात तर... चांगली गायली पोर."

इदवलनं फोन खाली ठेवला. त्याच्या अंगावर माळ्याची धूळ होती, तळहातांना वायरीचे वळ उठले होते. "तुला बघायचं होतं गं," तो म्हणाला. "मी सगळ्याची वाट लावली. तू नको म्हणत होतीस. मला नाही बसवत असं. मी काय करू, सांग तूच. काहीतरी करायला सांग मला."

"इदवल."

"काय?"

"खांदे."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते. ते काही आजच चढले नव्हते, डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडल्यापासून ते तिथंच होते. एलिनेदनं हात उचलला. तो आपल्यापर्यंत पोचावा म्हणून इदवल खाली वाकला, आणि तिनं चॅपलमधल्या पोराच्या खांद्यावर ठेवावा तसा तळवा त्याच्या खांद्यावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

त्यानं खांदे खाली सोडले. त्यांच्याबरोबर इतके महिने अडवून धरलेलं सगळंच सुटलं आणि तो मोठ्यानं रडला, पलंगाच्या काठावर डोकं ठेवून. तिनं त्याला रडू दिलं.

मग त्यानं तिला औषध दिलं, ओठ पुसले. दारात अडकलेला पलंग तसाच राहू दिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. टीव्हीवर आयर्लंडचे घोडे धावत होते. तिचे डोळे मिटत चालले होते, हात त्याच्या हातात होता. रिमोट जमिनीवर पडला होता, त्यानं तो उचलला नाही.