गोड्या पाण्यातला तांडेल

धारचे सरदार बळवंतराव यांनी मुंबईहून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची शिडाची नाव विकत घेतली, ती आगगाडीनं महूपर्यंत आणि तिथून बैलगाड्यांवर घालून धर्मपुरीच्या घाटावर नर्मदेत उतरवली. नाव ठेवलं ‘विद्युल्लता’. नावेबरोबर तिला हाकणारा माणूसही आणला. तो गणोजी, हर्णैचा तांडेल.

त्याला आता तीन वर्षं झाली होती. नाव सुटायची वर्षातून एकदा, कार्तिकात, पाणी निवळलं की. बाकीचे अकरा महिने गणोजी घाटाखालच्या खोपटात राहायचा, दोर बदलायचा, फळ्यांना तेल द्यायचा. गव्हाची भाकर त्याच्या घशाखाली नीट उतरत नसे. त्याची बोली इथं कुणाला कळत नव्हती, म्हणून तो बोलायचाच कमी. घाटावरचे केवट, म्हणजे इथले नावाडी, त्याला ‘दर्याभिया’, दर्याचा भाऊ, म्हणायचे. त्यात थट्टा होती तशी मायाही होती. पण पहिल्याच वर्षी त्यानं नर्मदामैयाला खाडी म्हटलं होतं, आणि ते रेवाराम केवट अजून विसरला नव्हता.

त्या वर्षी सरदारांनी देवासहून कृष्णराव नावाचे पाहुणे बोलावले होते. दिवसभरात तीन बेटं दाखवायची असा बेत होता. बरोबर सरदारांची चुलती अक्कासाहेब. सत्तरीला टेकलेल्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, कधी कुठं न जाणाऱ्या. यंदा त्या स्वतःहून म्हणाल्या, “मी येणार.”

पहिल्या बेटावर महादेवाचं देऊळ होतं. पूजा झाली, नारळ फुटले. दुसऱ्या बेटावर नुसती पांढरी वाळू आणि झाऊची झुडपं. तिथं स्वयंपाकी दालबाटीची तयारी करायला लागले, मंडळी पाय मोकळे करायला उतरली. नावेवर हाताखाली घेतलेला रेवाराम लाकडं गोळा करायला गेला. अक्कासाहेब मात्र नावेतच बसून राहिल्या.

“तांडेल, तू कुठला?”

“हर्णैचा, अक्कासाहेब.”

“म्हणजे दाभोळच्या जवळचा. मी दाभोळची.”

गणोजीच्या हातातला दोर हातातच राहिला. तीन वर्षांत त्याच्या किनाऱ्याचं नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यानं ऐकलं नव्हतं.

“आठव्या वर्षी लग्न करून आणली मला,” त्या म्हणाल्या. “मग परत गेलेच नाही. आधी सासरे नको म्हणाले, मग आई गेली, मग जायचं कुणाकडे? बोल ना जरा. घरी बोलतोस तसं बोल.”

मग तो वाऱ्यांबद्दल बोलू लागला, सुकटीच्या वासाबद्दल, नारळी पुनवेला होड्या सजतात त्याबद्दल. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, “एवढं सगळं तिकडं आहे, तर तू इथं ह्या गोड्या पाण्यात काय करतोस?”

सगळ्यांना तो सांगायचा, पगार बरा आहे. आज ते तोंडातून निघेना.

“माझा लेक माझ्याच होडीत होता. नारायण. एकोणीस वर्षांचा. ढग दिसत होते, बाकीचे नको म्हणत होते, तरी मीच म्हणालो, एक जाळं टाकून फिरू. मी वाचलो.” त्यानं हातातला दोर बाजूला ठेवला. “त्यानंतर समुद्राकडे बघवेना. ही नोकरी मिळाली, आलो.”

“बायको?”

“रुक्मिणी तिथंच आहे. महिन्याचे पैसे पाठवतो.”

अक्कासाहेबांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

“तुला बघवेना म्हणून तू इतक्या लांब आलास,” त्या हळू म्हणाल्या. “ती रोज सकाळी दार उघडते, तेव्हा समोर काय असतं रे?”

गणोजीनं दोर पुन्हा हातात घेतला. हर्णैच्या घरापासून समुद्राची रेघ तीस पावलांवर होती.

जेवणं झाली आणि तिसऱ्या बेटाकडे निघाले. मधली धार उथळ होती. “सरकार, नावेचा तळ खोल आहे,” गणोजी म्हणाला, “वळसा घालून जाऊ.” पण कृष्णराव हसून म्हणाले, “तुमच्या दर्यावर्दीला आमच्या नदीची भीती वाटते वाटतं!” बळवंतरावांचा चेहरा उतरला. “सरळ घे,” त्यांनी हुकूम सोडला.

त्यानं सरळ घेतली. ढग दिसत असताना एकदा त्यानं कुणाचं ऐकलं नव्हतं, आज ऐकलं. वाळू घासल्याचा आवाज आला, नाव थरथरली आणि एका अंगावर कलून थांबली. पाहुण्यांचा पानाचा डबा पाण्यात गेला.

“तीन वर्षं फुकट पोसला तुला!” सरदार सगळ्यांदेखत ओरडले. केवटांचे छोटे डोंगे आले, मंडळी त्यांत उतरली. अक्कासाहेबांना धरून उतरवताना गणोजीनं हात पुढे केला. त्यांनी तो क्षणभर घट्ट धरला. डोंगे घाटाकडे निघाले. नदीवर तो, रेवाराम आणि एक डोंगा एवढेच उरले.

“अब क्या, दर्याभिया?” रेवारामनं विचारलं. “पुढच्या पावसापर्यंत बसायचं का हितंच?”

“नाही.” गणोजीनं शीड उतरवलं. नांगर डोंग्यात घातला, लांब खोल पाण्यात नेऊन टाकला आणि त्याचा दोर नावेवर आणून दोघांनी छातीला लावून ओढायला सुरुवात केली. नाव हलेना. त्यांनी वजनासाठी तळात भरलेले दगड काढून पाण्यात टाकले, पुन्हा ओढलं. हाताची सालं निघाली. ऊन उतरत आलं तशी नाव कण्हल्यासारखी वाजली, वीतभर सरकली, मग हातभर, आणि एकदम तरंगली. रेवारामनं पाण्याला हात लावून कपाळाला लावला. “मैयानं सोडलं.”

गणोजीनंही वाकून पाण्याला हात लावला. रेवाराम बघत राहिला.

सूर्य टेकला असताना नाव घाटाला लागली. गणोजीनं तिला बांधलं, सुकाणूचा दांडा काढून रेवारामच्या हातात दिला. “सरदारांना दे. मी उद्या निघतो.”

“गुस्सा नको करू, भिया. मालक सकाळपर्यंत विसरतील.”

“राग नाही.”

“तो नाव कौन चलायेगा?”

“तू. खोल कुठं आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.”

सकाळी महूकडे जाणाऱ्या बैलगाडीत त्याला जागा मिळाली. डोंगराचा घाट चढताना त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही. रुक्मिणीला पहिलं वाक्य काय बोलायचं याचा तो विचार करत होता. मानपूर आलं, तिथल्या धर्मशाळेत बैल सोडले, पुन्हा जुंपले. त्याला एक वाक्य सुचलं, ते त्यानं खोडलं. दुसरं सुचलं, तेही खोडलं. महूच्या स्टेशनावर तिकीट काढेपर्यंत त्याला एवढंच कळलं होतं की, आधी तो बोलणार नाही. तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसेल, आणि ती जे म्हणेल ते ऐकून घेईल.