फळ्यासमोरची जागा

सावर्ड्याहून वडकोंडला जायचं म्हणजे चार कोसांचा चढ. वर झाड नाही, खाली माती नाही, नुसता कातळ. आत्माराम तपासनीस तो चढ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चढत होता, एका हातात छत्री नि दुसऱ्या हातात वहाणा, कारण वहाणेचा अंगठा तुटला होता. पायाचाच तुटला असता तर बरं झालं असतं, निदान आठ दिवसांची रजा तरी मिळाली असती, असं त्याच्या मनात आलं. माणूस दमला की असलं काहीबाही मनात येतं.

काम तसं सोपं. म्हणजे कागदावर सोपं. शाळेत कुणाच्याही पोराला जातीवरून वेगळं बसवायचं नाही, असा सरकारी हुकूम निघाला त्याला दहा वर्षं झाली होती. तो हुकूम पाळतात की नाही हे बघायला जिल्हा बोर्डानं एक माणूस नेमला, आणि तोही महारांतलाच नेमला, म्हणजे बोर्डाचं नाव झालं. आत्मारामच्या पिशवीत छापील तक्ते असत. त्यात एक रकाना होता, 'सर्व मुले एकत्र बसतात काय?' पहिल्या वर्षी त्यानं त्या रकान्यात अकरा ठिकाणी 'नाही' लिहिलं. त्यांतल्या चार गावांनी पोरंच काढून घेतली नि शाळा ओस पाडल्या, तीन गावांनी महारवाड्याचं पाणी बंद केलं, आणि उरलेल्या ठिकाणी काहीसुद्धा झालं नाही. मग कचेरीतल्या मोठ्या कारकुनांनी त्याला जवळ बोलावलं, म्हणजे दारापर्यंत बोलावलं, आणि सांगितलं, "आत्माराम, 'होय' लिहीत जा. 'होय' लिहिलं की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही."

तेव्हापासून सात वर्षं तो 'होय' लिहीत होता. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण रोज वाईट वाटून घ्यायला अंगात ताकद लागते, ती कुठून आणायची?

वडकोंडच्या शाळेत सगळं झ्याक होतं. भेटीची खबर आधी जातेच. जमीन कालच सारवलेली, पोरांची डोकी तेलानं चपचपीत, आणि चौथीच्या रांगेत मधोमध महारवाड्यातली एक पोर बसवलेली. राही तिचं नाव. अंग आक्रसून बसली होती बिचारी. तिच्या एका बाजूला खोताची नात कमळा, नाक वर करून. समोर गुणाजी मास्तर घाम पुसत उभा होता. दारातल्या खुर्चीत खुद्द महिपत खोत. गावचा मालकही तोच नि शाळा समितीचा अध्यक्षही तोच.

खोताला या भेटीतून एकच गोष्ट हवी होती, शाळेला पाचवीचा वर्ग. कमळा यंदा चौथी होणार, आणि पुढं शिकायचं तर सावर्डं. पोरीच्या जातीनं रोज चार कोस कातळ तुडवायचा कसा? तपासनिसाचा शेरा चांगला पडला तर पाचवी मिळणार होती.

आत्मारामनं फळ्यावर भागाकाराचं एक उदाहरण घातलं. पोरांनी पाट्या खरडल्या. "झालं त्यानं पाटी दाखवा," तो म्हणाला.

सगळ्यांत आधी राही उठली. उठली ती सरळ दाराकडे निघाली. रांगेतल्या पोरांनी न सांगता पाय आत ओढून घेतले, तिला वाट दिली. ती खोताच्या खुर्चीला लांबून वळसा घालून पडवीत गेली, पडवीच्या कडेच्या पायरीवर तिनं पाटी ठेवली, तीन पावलं मागं सरली आणि हात बांधून उभी राहिली.

गुणाजी मास्तरनं डोळेच मिटले. आठ दिवस त्यानं पोरीला आत बसायला शिकवलं होतं, कमळेला तिच्या शेजारी बसायला पढवलं होतं. पण पाटी कशी दाखवायची हे सांगायचंच राहून गेलं. चार वर्षं ती बाहेर पायरीवर बसून अशीच दाखवत आली होती, मास्तर लांबून बघायचा नि काठीनं चूक दाखवायचा. राहीच्याही ते ध्यानात आलं असावं. तिचं तोंड रडवेलं झालं.

आत्माराम पायरीशी गेला. त्यानं पाटी उचलली. उत्तर बरोबर होतं, पण मांडणी कसलीच नव्हती. आकडे इकडे चार, तिकडे चार, मध्येच रेघा.

"ही रीत कुणी शिकवली गं?"

"कुणी नाय," राही हळूच म्हणाली. "मास्तर आत बोलतात ते ऐकू येतं. फळा दिसत नाय. मग माजं मीच काय तरी करतंय."

आता आली का पंचाईत! चौथीची परीक्षा सावर्ड्याला, दीड महिन्यावर. तिथं रीत नसेल तर उत्तराला कुणी हुंगत नाही. पोरगी हुशार, अख्ख्या वर्गात पहिली उठली, आणि नापास होणार ती फळा दिसला नाही म्हणून.

दुपारी आत्माराम शाळेमागच्या फणसाखाली भाकरी सोडून बसला, तर राहीचा बाप धाकू आला. लांबूनच वाकला. "जोहार, मायबाप."

"अरे, मी तुझ्यातलाच. बस."

धाकू बसला नाही. "दादा, पोरीनं घोटाळा केलान म्हनं. पन तुमी काय लिवू नका. 'नाय' लिवलंत तर समदं माज्या डोक्यावर येल. खोताची वरकस जमीन कसतंय मी. बायको इहिरीवर जाते, वरनं कोन तरी पानी घालतं तवा घागर भरते. उद्या घातलं नाय तर? तुमी उद्या जाल रत्नांग्रीस."

"पोरीला शिकायचंय ना रे?"

"तिला लय काय काय पायजे हाय," धाकू म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "पानीबी पायजे हाय ना!"

अकरा गावांचा हिशेब त्याच्या डोक्यात होताच. भाकरी तशीच गुंडाळून ठेवली त्यानं. मग शाळेत येऊन तक्ता काढला नि नेहमीच्या रकान्यात 'होय' लिहिलं. खाली अध्यक्ष म्हणून खोताच्या सहीपुरती जागा उरली.

पडवीत बाक होतं. बाकाच्या टोकावर त्यानं तक्ता ठेवला, वर दौत ठेवली वाऱ्यासाठी, आणि तीन पावलं मागं सरून उभा राहिला. खोत सावकाश उठला नि बाकाकडे निघाला.

आत्मारामनं सहज मान वळवली. दाराशी राही उभी होती. ती त्याच्या पायांकडे बघत होती. मग बाकाकडे, मग पुन्हा पायांकडे. कसं मोजून तीन पावलं, अगदी तिच्यासारखी! तिच्या तोंडावर राग नव्हता, हसू नव्हतं. आपलं माणूस ओळखावं तसं तिनं त्याला ओळखलं, इतकंच.

मेल्याहून मेल्यासारखं झालं आत्मारामला. सरकारचा माणूस, पगडी डोक्यावर, शिक्का पिशवीत, आणि आठ वर्षं तो गावोगाव हेच करत आला होता. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावंच लागलं नव्हतं.

खोताचा हात पोचायच्या आत त्यानं तक्ता उचलला.

"काय झालं?" महिपत खोत म्हणाला.

"चुकीचं लिहिलंय." आत्मारामनं बाकावर बसून, होय, बसूनच, 'होय'वर काट मारली. "खोत, धाकूचा यात काही दोष नाही. तो तर पाया पडत होता, लिहू नका म्हणून. जे पाह्यलं ते मी पाह्यलं. राग धरायचा तर माझ्यावर धरा, मी कुठं पळून जात नाही. लिहितो ते ऐका. 'राही धाकू हिला वर्गाच्या आत, फळ्यासमोर बसवावे. महिन्याने न कळवता पुन्हा पाहणी होईल. तोवर गावात कुणाला त्रास झाला नाही, तरच पाचवीची शिफारस.'"

खोताच्या कपाळावरची शीर उठली. पण आत नात बसली होती नि पाचवी हवी होती. "आना," तो म्हणाला. आत्मारामनं कागद हातात धरूनच पुढं केला. खांद्यावरचं उपरणं हातावर घेऊन खोतानं तो उपरण्यानं धरला. सही मात्र केली.

बरं, एवढं करून आत्मारामची छाती फुगली असेल म्हणाल, तर तसलं काही नाही. परतताना त्याचे पाय भरून आले होते, नि वाटभर एकच विचार होता, आता धाकूच्या घागरीचं काय होतंय.

शिमगा झाला. चैत्राचं ऊन तापलं. परीक्षेला दहा दिवस उरले असताना आत्माराम न कळवता वडकोंडात उगवला. आधी महारवाड्याच्या वाटेला गेला. धाकूची बायको भरली घागर घेऊन येत होती. त्याला हायसं वाटलं.

शाळेशी पोचला आणि जागच्या जागी थबकला.

पडवीत तीस पोरं कोंबून बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. गुणाजी मास्तर उंबऱ्यावर, एक पाय आत नि एक पाय बाहेर. आतला वर्ग रिकामा, सारवलेला, स्वच्छ. आणि त्या रिकाम्या वर्गात, अगदी फळ्यासमोर, एकटी राही.

महिपत खोत खुर्ची घेऊन पडवीच्या सावलीत बसला होता. "या तपासनीस," तो म्हणाला. "तुमी लिवलंत तिला आत बसवा. बसवली. पानी तोडलं नाय, वरकस काडली नाय. आमच्या पोरांना आत बसवा, असं कुटं लिवलंय? दाकवा!"

आत्मारामला हसू आलं. मग हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. काय डोकं म्हणायचं हे! एवढी अक्कल माणसानं दुसऱ्या कशाला लावली असती तर!

तो वहाणा काढून आत गेला. "राही, फळा दिसतो?"

"दिसतो. समदा दिसतो." तिनं पाटी हातात धरून पुढं केली. भागाकार रीतसर मांडलेला होता, एकाखाली एक. मग तिनं मान खाली घातली. "पन पाडे म्हनताना माजा एकटीचाच आवाज येतो."

आत्मारामच्या कमरेला कळ येत होती. तो तिच्या शेजारी भुईवरच फतकल मारून बसला नि भिंतीला टेकला. दहा वर्षांचा हुकूम, आठ वर्षांची पायपीट, आणि शेवटी एका पोरीला अख्खी शाळा मिळाली होती, पोरांवाचून. खोताला काय सांगायचं, कचेरीला काय लिहायचं, काही काही सुचेना. नुसतं बसावं, एवढीच अंगात ताकद होती.

ती शाळा पश्चिमेच्या तोंडाची. एरवी पडवीत ऊन यायच्या आत मास्तर शाळा सोडायचा, आज तपासनीस आत बसलेला, सोडायची कशी? अडीचच्या सुमाराला ऊन पायरीवर आलं. मग कडेच्या पोरांच्या मांडीवर आलं. पोरं चुळबुळली, मागं सरली. मागच्यांनी पुढच्यांना ढोसलं. जमीन तापत चालली. खोतानं खुर्ची एकदा सरकवली, दोनदा सरकवली, तिसऱ्यांदा भिंत लागली. गुणाजी मास्तर उंबऱ्यावर उभा राहून ऊन चढताना बघत होता, पण तोंडातून शब्द काढील तर शपथ.

कमळा उठली. पाटी डोक्यावर धरून ती उंबऱ्याशी आली नि आत डोकावली. आत गार सावली होती.

"कमळे!" खोत ओरडला.

"आजा, भाजतंय!" असं म्हणून ती आत आलीसुद्धा. राहीनं सवयीनं अंग चोरून घेतलं, पाय पोटाशी धरले. कमळा तिच्यापासून दोन हातांवर बसली नि फुंकर मारून आपली पावलं गार करायला लागली. तिच्यामागं एक आलं, मग चार आली, मग सगळा लोंढाच. गुणाजी मास्तरनं घाम पुसला आणि बाहेरचा पाय उचलून आत ठेवला. खोत उठला, छत्री उघडली, नि घरचा रस्ता धरला.

"बेचा पाडा," गुणाजी मास्तर म्हणाला.

एकतीस गळे एकदम उघडले. त्यात राहीचा कुठला, हे आत्मारामला ओळखू येईना. तिच्या तोंडाकडे बघितलं तेव्हाच त्याला कळलं की ती म्हणतेय, नि केवढ्यानं म्हणतेय.

त्यानं पिशवीतून तक्ता काढला. उद्या अकराला शाळा भरताना पडवीत पुन्हा सावली असेल नि पोरंही पुन्हा पडवीतच, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. 'सर्व मुले एकत्र बसतात काय?' या रकान्यात त्यानं ना 'होय' लिहिलं, ना 'नाही'. मास्तरच्या टेबलावरच्या घड्याळात बघून लिहिलं, 'बसतात. तीन वाजून दहा मिनिटांनी, ऊन पडवीत आल्यावर.' आणि खाली सही केली.