शत्रूच्या पुस्तकातला तवा

नगरच्या लष्करी वर्कशॉपातला फिटर गिदोन नुसत्या फोटोवरून कुठलीही गाडी ओळखायचा. म्हणून महायुद्धात, त्रेचाळीस साली साहेबाने शत्रूच्या गाड्यांचं छापील पुस्तक त्याच्यापुढे टाकलं. "यातली ही एकच कुणाला ओळखू येत नाही."

वाळवंटातली चिलखती गाडी होती. पुढच्या पत्र्यातल्या भोकावर कड उडालेला तवा ठोकलेला. दोन वर्षांपूर्वी वाळवंटात पाठवायच्या गाडीला पत्रा मिळेना, तेव्हा गिदोननेच घरचा तवा आणून ठोकला होता. त्यापायी बायको मरिया चार दिवस चुलीपुढे बसली नव्हती.

"तवा माज्या घरचा हाय, साहेब. गाडी आपलीच."

साहेबाने पुस्तक स्वतःकडे ओढलं. फोटोखाली छापलं होतं, 'दिसताच गोळी घाला.'

"असली पुस्तकं किती वाटली?" गिदोनने विचारलं.

"सगळ्या पलटणींना."