काळ्यावर न दिसणारा डाग

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं. माझ्या काचेमागे लाखो बारीक दिवे आहेत. काळं दाखवायचं तर मी ते चक्क विझवतो.

अर्नाळ्याच्या डेरिकने मला आपल्या आईसाठी, ॲंजेलाबाईंसाठी आणलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना उजेड खुपे, म्हणून त्याने माझी पाटी काळी आणि अक्षरं पांढरी करून दिली. त्यांची सून स्टेफी आचोळ्याची. तिला काळ्यावर वाचवत नाही. मला हातात घेतलं, की ती आधी पाटी पांढरी करी आणि काम झालं की पुन्हा काळी.

तिथेच घात झाला. एक दिवस पांढऱ्यावर मधोमध करडा डाग उमटला. सासूच्या हातात मी स्वच्छ, सुनेच्या हातात डागाळलेला!

"माझ्याकडं असतो तेव्हा कसा नसतो गं?" ॲंजेलाबाईंनी चष्मा शोधून लावला. "बोंबील साफ करताना धरलास. पानी गेलं आत."

"आई, शपथ, नाही धरला."

"मग कोन, मांजरानं? आज रोझरीच्या प्रार्थनेला आळी जमेल. सगळ्यांसमोर विचारते."

शेजारच्या आशालताला तसं सांगूनही आल्या. स्टेफीचा चेहरा उतरला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आळीत एकदा नाव पडलं की पुसलं जात नाही. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

संध्याकाळी ॲंजेलाबाईंनी मला नेहमीसारखं पॉलबाबांच्या फोटोपुढे उभं केलं. खऱ्या मेणबत्तीने एकदा पडदा पेटला होता. तेव्हापासून दिवंगत नवऱ्यापुढे त्या माझ्यावरच मेणबत्तीचं चित्र लावत. रोज, निजेपर्यंत, भरपूर उजेडात. तेवढेच दिवे जळत, झिजत. भोवतालचे काळोखात झोपलेले.

स्टेफी टक लावून पाहत राहिली. मग तिने ज्योतीवर बोट ठेवलं आणि पाटी पांढरी केली. बोटाखाली तोच डाग. तीच ज्योत, फक्त थकलेली.

ॲंजेलाबाईंनी वाकून पाहिलं. "देवा! ही तर माझीच मेणबत्ती."

दारात चपला वाजल्या. "काय गं ॲंजेला, काय विचारणार होतीस सुनेला?" आशालताने आत येता येताच विचारलं.

"काडेपेटी कुठं ठेवलीय, ते," ॲंजेलाबाई म्हणाल्या. "स्टेफी, बाय, आज खरी मेणबत्ती तू लाव. पडदा मी धरते."

मित्रांनो, एकच चित्र माझ्यावर फार वेळ ठेवू नका. दिव्यांनाही विसावा लागतो. आणि डाग दिसला, तर कुणाचे हात तपासण्याआधी जरा मला निरखा. माझा डाग आता जायचा नाही. पण हल्ली स्टेफीने मला उचललं, तर ॲंजेलाबाई चष्मा शोधत नाहीत.