तातडीत घेतलेली सही

सेल्मर ट्वेटनचा फोन आला तेव्हा पावणेनऊ वाजले होते आणि मी कॉफीचं भांडं विसळत होते. ईस्टरच्या आधीचा गुरुवार.

"लव्हॉन, आज जागा आहे का?" तो म्हणाला.

सेल्मर आणि मी शाळेपासूनचे. तो फोनवर आधी हवेचं विचारतो, मग माझ्या गुडघ्याचं, मग कामाचं. त्या दिवशी हवा नाही, गुडघा नाही. आवाज विहिरीतून यावा तसा. मी म्हटलं, अकराला ये. तो "बरं" म्हणाला आणि फोन कानाला तसाच धरून बसला असावा, कारण पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत राहिली. शेवटी मीच फोन ठेवला.

मी मेरिट एस्पेसेथच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते. दवाखाना म्हणायचं इतकंच. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या, एकीत मी, दुसरीत मेरिट. ती मनाचे आजार, घरातली भांडणं, दुःखं यांवर लोकांशी बोलते. अकरा वर्षं मी तिच्याकडे आहे. इथे ऐकलेलं बाहेर काढायचं नाही हा आमचा पहिला नियम, आणि ही हकिगत मी सांगते आहे ती सेल्मरने सांगायला सांगितली म्हणून. "चर्चच्या तळघरात कॉफी पिताना निम्म्या गावाला मी स्वतःच सांगितलंय," तो म्हणाला, "तू निदान नीट तरी सांगशील."

मेडिकेअर म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी विमा. आधी मेरिटसारख्या समुपदेशकांना त्यात जागाच नव्हती. त्या जानेवारीपासून सरकारने दार उघडलं आणि तिला ठरवायची वेळ आली, आत जायचं की लेखी कळवून बाहेर राहायचं. बाहेर राहिलं तर पासष्टीच्या वरच्या प्रत्येक माणसाकडून करार लिहून घ्यायचा. त्यात त्याने म्हणायचं, मी पूर्ण पैसे स्वतः देईन, सरकारकडे मागणार नाही, हे मला समजलं आहे. सही नाही तोवर त्या माणसासमोर बसायचंही नाही.

बाहेर राहा असं मेरिटला मीच सांगितलं. "आत गेलीस तर माझे दिवस सरकारी ऑफिसच्या फोनवर ताटकळत संगीत ऐकण्यात जातील," मी म्हटलं होतं. ती हसली होती आणि बाहेर राहण्याच्या प्रतिज्ञापत्रावर तिने सही केली होती. करार मीच छापले, तिच्या सह्या घेऊन गठ्ठा करून ठेवला, आणि जानेवारीत एकेकाकडून सही घेत गेले. चौदा जणांची नावं होती. तेरा झाली. चौदावा सेल्मर. तो नोव्हेंबरपासून येत नव्हता, कारण बायको जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याला बरं वाटत होतं.

मग फेब्रुवारीत त्याचा धाकटा भाऊ ऑर्लिन गोठलेल्या नदीवर मासे धरायला गेला आणि बर्फ फुटून बुडाला. त्या वर्षी थंडी अशी पडलीच नव्हती. आदल्या दिवशी सेल्मरच बर्फावरून चालत जाऊन आला होता आणि भावाला म्हणाला होता, बर्फ अजून आठवडाभर वजन धरेल.

अकराला दहा कमी असताना सेल्मर जिना चढून आला. अंगात कोट नव्हता. एका पायात गोठ्यातला बूट, दुसऱ्यात चर्चचा. दाढी अर्धी केलेली. मी हे सगळं पाहिलं. पाहिलं नाही असं मला कधीही म्हणता येणार नाही.

आणि मी चिमट्याच्या पाटीला अडकवलेला करार त्याच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"नवीन नियम आहे. मेडिकेअरचं. आत जायच्या आधी लागतं."

"कुठे करू?"

"वाच तरी."

"लव्हॉन, कुठे करू?"

मी बोट ठेवलं. त्याने सही केली. कारखान्यात बेचाळीस वर्षं चीजच्या गोल ढेपांवर तारखा घातलेल्या हातांची ती सही ओळीवरून घसरून खाली गेली. तारीख मी घातली. मला बरं वाटलं, हेही सांगायला हवं. चौदा झाले होते.

मेरिटने त्याला आत घेतलं. पंचवीस मिनिटांनी दार उघडून ती बाहेर आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्यांच्या मुलीला फोन लावा. आणि बाराच्या बाईंना आज येऊ नका म्हणून सांगा." तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. सेल्मरची स्थिती घरी एकट्याला सोडण्यासारखी नव्हती, आणि तसं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. मुलगी जोडी मिनिआपोलिसमध्ये, तीन तासांवर. मेरिट त्याला स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलला घेऊन गेली आणि जोडी पोचेपर्यंत त्याच्याजवळ बसली. जाताना मी माझा कोट त्याच्या खांद्यावर टाकला. जांभळा, बायकी. त्याला कळलंही नाही.

तो बारा दिवस तिथे होता. ईस्टरला माझ्या घरी सगळे जमले, मी हॅम कापलं, बटाट्याच्या पोळ्या लाटल्या, आणि कुणी काही विचारलं की मला दोनदा विचारावं लागत होतं.

मंगळवारी मेरिट फायली लावत बसली होती. तिने तो करार उचलला आणि पाहत राहिली.

"ही सही कधी घेतली?"

"त्या दिवशी. आत यायच्या आधी."

"ते कसे दिसत होते तेव्हा?"

मी फायलींचा गठ्ठा सरळ करत राहिले.

"लव्हॉन, यात लिहिलंय," तिने कागद माझ्याकडे वळवला, "की माणूस तातडीच्या अवस्थेत असताना ही सही घ्यायची नाही. घेतली तर ती सहीच नाही."

ते कलम मीच छापलं होतं. चौदा वेळा.

मग मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "त्याच्या आदल्या आठवड्याची तारीख घालूया. कुणाला कळणार आहे?"

मेरिट माझ्यावर ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिने कागद टेबलावर ठेवला, त्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर नदीकडे पाहत बसली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, एकटीच्या कमाईवर हे चालवते. उद्या कुणी तपासणीला आलं तर त्या कागदावर तिचंही नाव होतं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पाच वाजता आम्ही दिवे बंद केले तेव्हा करार तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी आली होती. करारावर तिने दोन रेघा मारून "रद्द" लिहिलं होतं, शेजारी खरी तारीख आणि घडलेलं सगळं चार ओळींत. सेल्मरचा त्या दिवशीचा चेक पाकिटात घालून परत पाठवायला ठेवला होता.

"आता आपण आत जाऊ," ती म्हणाली. "पहिल्यांदा बाहेर राहणाऱ्याला नव्वद दिवसांत मन बदलता येतं. त्या ऑफिसला फोन लावा."

मी फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एका तरुण मुलाने तारखा विचारल्या आणि म्हणाला, "मॅडम, तुमचे नव्वद दिवस रविवारी संपले. आता जानेवारीपासूनची दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल."

"रविवारी ईस्टर होता," मी म्हटलं.

"हो मॅडम," तो म्हणाला. बिचारा तरी काय म्हणणार.

सेल्मर घरी आल्यावर चार दिवसांनी जोडी त्याला घेऊन आली. वजन उतरलं होतं, पण बूट जोडीचे होते. मेरिट म्हणाली, लव्हॉन, तुम्हीही आत या. मला जायचं नव्हतं. गेले.

मेरिटने त्याला सरळ सांगितलं. तुम्ही सही केलेला कागद चालत नाही, तो तुमच्याकडून त्या दिवशी घ्यायलाच नको होता. आता तीन वाटा आहेत. शांतपणे वाचून नवीन करार करा. किंवा चाळीस मैलांवर एक दवाखाना आहे, तिथे मेडिकेअर चालतं. किंवा तिकडे जागा मिळेपर्यंत माझ्याकडे या, मी एक पैसा घेणार नाही.

सेल्मरने खुर्ची तिच्याकडे वळवली. "डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. ती डॉक्टर नाही हे त्याला माहीत आहे. "हॉस्पिटलातून आलेल्या माणसाला तुम्ही बाहेरचा रस्ता दाखवताय का?"

"नाही. तुम्ही इथेच यावं असंच मला वाटतं. पण तुम्हाला न कळता नाही."

"सही मी घेतली," मी मध्येच म्हणाले. "हिला माहीत नव्हतं."

तो माझ्याकडे वळला. "तू माझे बूट पाहिले होतेस?"

"पाहिले होते."

"आणि तरी कागद दिलास."

"दिला."

जोडीने बापाच्या हातावर हात ठेवला. मला वाटलं आता तो उठून जाईल. तो म्हणाला, "बर्फाला भेग होती. मी पाहिली होती. लहान होती म्हणून सोडून दिली." आणि मग तो रडला, आवाज न करता, आमच्याकडचे पुरुष रडतात तसा, जणू डोळ्यात काही गेलंय. ही भेग त्याने तोवर कुणालाच सांगितली नव्हती. हॉस्पिटलातही नाही. मेरिटने मला डोळ्यांनी बाहेर जायला सांगितलं. मी गेले.

त्याने कोरा करार घरी नेला. आठवड्याने तो जिना चढून आला, कागद चौकोनी घडीचा, जागोजागी पेन्सिलच्या खुणा.

"तीनदा वाचला," तो म्हणाला. "तुमचं इंग्रजी कुणी लिहिलं? वकिलाच्या गायीने?"

"सरकारने," मी म्हटलं.

"मी नाही करत सही." तो मेरिटला म्हणाला. "रागावू नका. बेचाळीस वर्षं माझ्या पगारातून या विम्याचे पैसे कापून घेतलेत. आता मागणार नाही असं मी कसं लिहून देऊ? ऑर्लिन असता तर म्हणाला असता, म्हातारा खुळावला."

"मग फुकट या," मेरिट म्हणाली. "जागा मिळेपर्यंत."

"फुकट बोलायला मी चर्चमध्ये जातो. तिथे कॉफीही मिळते."

मेरिट हसली नाही. ती म्हणाली, "सेल्मर, तिकडची रांग सात आठवड्यांची आहे. सात आठवडे तुम्ही कसे काढणार, हे मला ऐकायचंय. ते ऐकल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही." तो खाली बसला. दोघांनी मिळून एका कागदावर लिहिलं, कोणत्या दिवशी कोण फोन करेल, रात्री फार झालं तर कुणाला उठवायचं, ऑर्लिनच्या होडीची चावी कुणाकडे ठेवायची. त्या तासाचे पैसे तिने मागितले नाहीत आणि त्याने विचारलं नाही. बुधवार माझ्या वाट्याला आला.

सात आठवडे मी दर बुधवारी फोन केला. कधी तो दोन वाक्यं बोलायचा, कधी एक. एका बुधवारी उचललाच नाही. मी जेवण टाकून गाडी काढली. तो मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं लावत होता, फोन घरात. मला पाहून म्हणाला, "तुझा चेहरा पांढरा पडलाय, बस." मी त्याच्या पायरीवर बसले. त्याने पाणी आणून दिलं.

जूनमध्ये त्याला जागा मिळाली. इतकी लांब गाडी चालवायला जोडी त्याला देईना, म्हणून पंधरवड्यातून एकदा मी नेते. मेरिट त्या दिवशी स्वतःच फोन उचलते. नवी समुपदेशक तिशीची आहे, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते असं त्याचं म्हणणं. "पण पोरगी खोटं बोलत नाही," असंही म्हणतो. पहिल्या वेळी तिथल्या टेबलावरच्या बाईने त्याच्यापुढे पाटी ठेवली आणि त्याने तिला विचारलं, आधी वाचायला दहा मिनिटं मिळतील का. मी तेव्हा मासिक चाळत होते. मान वर केली नाही.

येताना काही वेळा तो बोलतो, पुष्कळदा नाही. ऑगस्टमध्ये एकदा पुलावर म्हणाला, गाडी थांबव. मी घाबरले. त्याला फक्त पाणी बघायचं होतं. आम्ही कडेला उभे राहिलो, मागून ट्रक जात होते.

मेरिटने दोन वर्षं संपायच्या आधी महिनाभर कळवलं आणि पुढच्या जानेवारीपासून ती आत गेली. आता माझे दिवस खरंच फोनवर जातात. तिने सेल्मरला पत्र लिहिलं, आता इथे यायला करार लागत नाही, तुमची इच्छा असेल तर या. त्याने उत्तर पाठवलं, आभार मानले, आणि लिहिलं की त्या पोरीला आता पहिल्यापासून सगळं सांगून झालंय, पुन्हा कुणाला सांगायची ताकद नाही.

मेरिटने ते पत्र वाचून माझ्याकडे दिलं. "फाइलला लावा," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.