चोथ्याचं धपाटं

ज्यूसरच्या जाळीत बिटाचा एक तंतू अडकला होता. जयवंताबाई जुन्या टूथब्रशनं तो टोकरत होती आणि तो निघत नव्हता… ह्या घरातल्या माणसांसारखाच चिवट, एकदा धरलं की धरलं. जाळीची भोकं बारीक, तिची नजर अधू, आणि मोरीत लाल पाणी असं पसरलेलं की कोणी कोंबडं कापलं म्हणावं. चुटकीसरशी रस निघतो आई, असं उत्तम म्हणाला होता बेल्लमपल्लीहून मशीन घेऊन आला तेव्हा. धुवायला किती वेळ लागतो ते तो म्हणाला नव्हता. ज्याला धुवायचं नसतं त्याला ते सुचत नाही, त्यात पोराचा काय दोष, बापावर गेला.

आणि मुळात आज मशीन लावायचंच नव्हतं. काल आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईनं नवऱ्याच्या, भगवानरावांच्या तोंडावर सांगितलं होतं — रस बंद. पण सकाळी हातानं आपोआप गाजरं सोलली, बीट चिरलं, मोसंब्या फोडल्या, सफरचंदाच्या फोडी केल्या, आणि मशीन घरघरून थांबल्यावर तिला आठवलं. आता ओट्यावर रसाचा पेला भरलेला, वर फेस. शेजारी मशीनच्या डब्यात चोथा, दाबून बसलेला, कोरडा, गुलाबी. टाकवत दोन्ही नाही. तिनं सवयीनं चोथा परातीत घेतला, त्यात ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, तीळ, मिरचीचा ठेचा. हात मळू लागले. हातांना काय, त्यांना कोणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं.

ओसरीवर भगवानरावांचा आवाज चढला होता. उजवा पाय स्टुलावर, करंगळीला पांढरी पट्टी, समोर शेजारचे मारोतराव. दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाल्यापासून बेला गावात दुसरा विषय नव्हता.

"सारा रस थिकडं गेला मारोतराव, मंचेरियालले! कोळसा थिकडं, कारखाने थिकडं. आपल्या आदिलाबादले काय राह्यलं? चोथा!"

"बेल्लमपल्लीबी त्यातच; तुमचा उत्तमबी थिकडंच गेला मंग."

"थो कायले जाते? थो बसला हाय तिथंच बसला हाय. जिल्हाच उचलून नेला त्यायनं त्याच्याखालून."

दोघं हसले. जयवंताबाईच्या ओठांवरही हसू येऊ लागलं होतं, ते मधेच थांबलं. चोथा वाट्याला आला म्हणून माणूस एवढा चिडू शकतो तर… नवलच होतं. भगवानराव आठवडाभर चिडलेले होते, जिल्ह्याच्या वतीनं. सासू असती तर म्हणाली असती, निजाम गेला, हैदराबाद गेलं, आंध्र आलं, गेलं; चूल आपली हाय तिथंच हाय. सासूला हे म्हणायला सोपं होतं. चुलीपुढे ती बसत नव्हती.

उन्हाळ्यात ती मोठ्या घमेल्यात आंबे पिळायची. सासूच्या हाताला पिळण्याची अशी सवय होती की कोय पांढरीफटक व्हायची. रस ओसरीवर जायचा, वाडग्यांनी, वर तूप घालून. पुरुष भुरके मारायचे ते आतपर्यंत ऐकू यायचे. मग कोयी सुनांच्या पुढ्यात. "चोखा गं पोरीहो, कोयीलेच खरी गोडी असते." आणि आम्ही चोखायचो, माझी जाऊ आणि मी, नवीन लग्नाच्या, हात कोपरापर्यंत पिवळे, आणि खरंच वाटायचं की गोडी इथंच आहे — इतकं कसं खरं वाटायचं? जाऊ तर एकदा म्हणाली होती, पुढच्या जन्मी मी आंबा होईन, म्हणजे निदान आधी ओसरीवर तरी जाईन. त्यावर दोघी किती हसलो होतो. हसता हसता जाऊला उचकी लागली होती आणि सासूनं पाण्याचा तांब्या आपटला होता.

रसानं ह्या माणसाचं भलंच केलं नाही असंही म्हणता येत नव्हतं, हीच खरी अडचण. निसर्गोपचाराच्या शिबिराला जाऊन आले आणि भगवानरावांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. तिच्या बापानं, भावानं, देवाच्या शपथेनं जो सुटला नव्हता तो खर्रा गाजराच्या रसानं सुटला. संध्याकाळची बाटली गेली. सर्दी गेली, तोंडावर तेज आलं, आणि वांग्याच्या वाफ्यात उभं राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला रसाचे फायदे सांगू लागले. गावात नावच पडलं, रसवाले भगवानराव. आणि सकाळी… सकाळी ते स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसायचे. मशीन थांबेपर्यंत थांबायचे. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्या हातच्या कशाची तरी वाट बघत बसला, तो ह्याच दिवसांत. काहीतरी बोलायचे, पावसाचं, वांग्याच्या भावाचं. ती उत्तर द्यायची. तेवढ्यासाठी तिनं ती जाळी रोज धुतली असती, धुतलीच.

आणि सुगरच्या गोळ्या त्यांनी खिडकीतल्या डब्यात टाकल्या त्या टाकल्या. गोळ्या म्हणजे विष, रस म्हणजे निसर्ग. ती एकदा म्हणाली होती, "अहो, पण रसबी गोडच असते ना." ते म्हणाले, "तुले काय समजते?" तिला काय समजतं हे तिलाही नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून ती जाळी धुवायला वळली. मग चप्पल चावली, करंगळी सोलवटली, आणि ती जखम भरेना. कडेनं काळी पडू लागली.

काल डॉक्टरीणबाईनं पट्टी सोडली आणि तिचं तोंडच बदललं. तेलुगू बाई, तरुण, हिंदीत बोलत होती. अशीच सुगर राहिली तर बोट काढावं लागेल, मग पाऊलसुद्धा. रोज एवढी फळं पिळून पिता, त्यातली साखर कुठे जाईल? तेवढ्यात तिनं जयवंताबाईच्या तपासणीचा कागद पाहिला — आलोच आहोत तर हिचंही बघा, असं भगवानरावच उदारपणे म्हणाले होते — आणि ती चकित झाली. गेल्या साली हिची सुगर काठावर होती, आता उतरून बरोबर जागी आलेली.

"आप क्या खाते अम्मा?"

"ती काय खाते," भगवानराव म्हणाले, "घर का ही खाती है."

"मैं उनको पूछ रही हूँ."

तेव्हा जयवंताबाईनं सांगितलं. खाली बघत, चोरी पकडल्यासारखं. रस काढल्यावर उरतं ते टाकवत नाही, पिठात मळते, धपाटं करते, सगळ्यांचं झाल्यावर मीच खाते.

"वो पिप्पी?" चोथ्याला आपला तेलुगू शब्द वापरून डॉक्टरीणबाई हसली. "अरे अम्मा, वोही तो असली चीज है. इनको मीठा पानी दिया, अच्छा सब आपने खाया!"

ती गमतीनं म्हणाली होती. पण भगवानरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं, आणि ती नजर… भाजीच्या मापात मारलं म्हणून गिऱ्हाईक बघतं तशी. परतीच्या बसमध्ये जैनदचा फाटा मागे पडेपर्यंत ते पट्टीकडे बघत बसले. ती खिडकीबाहेर बघत होती. कापूस फुटला होता, वेचणीच्या बाया रांगेनं वाकल्या होत्या, आणि तिच्या पोटात काहीतरी हलकं हलकं होत होतं, जे नवऱ्याचा पाय असा असताना बायकोच्या पोटात होऊ नये. आनंद होता तो. दुसरं काय नाव द्यायचं? तिनं पदर तोंडावर ओढून घेतला, ऊन लागतं म्हणून.

मारोतराव गेले. लंगडत पावलं आत आली. भगवानराव पाटावर बसले, पाय लांब करून, आणि त्यांनी ओट्यावरच्या पेल्याकडे पाहिलं, मग परातीकडे.

"चोथ्याचं करून राह्यली का?"

"हो."

"मले दे आज थे." मग पाय जरा सरकवून, "रोजच देत जाय."

तिचा हात कपड्यावर थापता थापता मंदावला. "आन् रस?"

"रस तू पे. वाया काऊन घालाचा?" आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाले, "तुले कवा कोणी देल्लंच नाई व. तूबी पेऊन पाय, कसा लागते."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. हेच सगळ्यांत वाईट होतं. रागानं मागितलं असतं तर तिनं आपटून वाढलं असतं आणि मोकळी झाली असती. पण हा माणूस देत होता — आपल्याला नको झालेलं ते देत होता, आणि तिच्याकडे जे होतं, जे कोणी मागितलं नाही म्हणून तिचं होतं, ते घेत होता, आणि वर हे असं मऊ आवाजात.

"डॉक्टरीणबाईनं गोळ्या सांगितल्या हायत."

"गोळ्याचं पाहू मंग. तुले ह्याचा गुण आला, मले काऊन नाई येणार?"

म्हणजे पुन्हा तेच. कालपर्यंत रस, आजपासून चोथा. करंगळी तिकडे काळी पडत जाणार आणि हे गावभर धपाट्याचे फायदे सांगत फिरणार. पाय असेल तोवर.

"पयले गोळी घ्या," जयवंताबाई म्हणाली. "गोळीबिगर धपाटं भेटनार नाई."

आपला असा आवाज तिनंच कधी ऐकला नव्हता. भगवानरावांनी वर पाहिलं. रागावतील असं वाटलं, पण हळूच त्यांची नजर खिडकीकडे गेली, डब्याकडे. हात उचलला तर पोचेल एवढाच तो लांब.

तिनं धपाटं तव्यावर टाकलं. बोटानं भोकं पाडली, तेल सोडलं, तीळ तडतडले. त्यांच्या पायासाठी बोलली ती, पायासाठीच. दुसऱ्या कुठल्या बाईनं हेच केलं असतं, आणि लोकांनी म्हटलं असतं, बाई शहाणी, नवऱ्याला वाचवलं तिनं. त्यांनी गोळी घेतली की वाढायचं. उद्याही, परवाही, पहिलं त्यांना, आणि उरलं तर… एका डब्याच्या चोथ्यात उरतं किती?

भगवानरावांचा हात खिडकीकडे निघाला आणि मधेच थांबला. घेऊ नये. घेऊ नये त्यांनी गोळी — असं मला वाटलं, लख्ख वाटलं, पाय दिसत असताना, पट्टी दिसत असताना. ती स्वतःची लाज वाटायची वाट बघत राहिली. लाज येईना. तिनं धपाटं उलटलं, ते खालून खरपूस झालं होतं, आणि तिला भूक लागली होती. सगळ्यांचं झाल्यावर लागते ती नव्हे, आत्ताची.