भाच्याच्या हातावर पाय

माह्यं नाव उकंडा. हसायचं असेल तं आत्ताच हसून घ्या. माह्या आधी मायची लेकरं जगत नव्हती, म्हणून मले जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं अन् नावही तसंच दिलं, का यमाले वाटावं हा कचरा हाय, कायले न्या याले. यमानं नेलं नाही. आमच्या बीबी गावात या नावाचं कोणाले काही वाटत नाही. तिथं मी उकंडराव, वांगे-मिरच्या पिकवणारा अन् भल्याभल्यांसंग भांडणारा. पण मेहकरच्या दवाखान्यात ते नाव मोठ्यानं पुकारलं अन् सारी खोली हसली, तव्हा मले पहिल्यांदा मायचा राग आला.

झालं असं का जर्मनची लढाई सरली त्याच्या दुसऱ्या साली माह्या मोटेचा नाडा तुटला. बैल पुढं पळाले अन् मी विहिरीच्या धावेवरून खाली आपटलो. मांडीचं हाड मोडलं. बुलढाण्याले पलस्तर घातलं, ते अंगावर घेऊन मी घरी खाटेवर पडून. पलस्तर काढलं तं आतून पाय नाही, शेवग्याची शेंग निघाली. डाक्टर म्हणाला, हाड जुळलं, पण पायात जोर नाही. मेहकरच्या धर्मादाय दवाखान्यात सत्यभामाबाई हाय, लढाईतल्या शिपायांचे हातपाय कसरत देऊन चालते केले तिनं, तिच्याकडं न्या.

मले तं आनंदच झाला. काऊन का त्या सत्यभामाबाईच्या हाताखाली माहा भाचा होता, शालिग्राम. आम्ही त्याले शालिक म्हणतो. माही बहीण तानुबाई वारली तव्हा हा पोर पाळण्यात होता. म्या अन् माह्या बायकोनं, गोजरबाईनं, त्याले वाढवलं, सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलं. बाई कसरत सांगायची अन् शालिक ती रोग्यांकडून करून घ्यायचा, कोणाचा पाय किती वर आला, कोणाचा हात किती वळला, ते बाईले सांगायचा. लोक त्याले मास्तर म्हणत.

आता तुम्हाले आमच्या वऱ्हाडाची रीत सांगतली पाहिजे, नाही तं पुढचं काही समजणार नाही. आमच्यात भाचा म्हणजे देव. तो शेंबडा असो का शहाणा, मामानं त्याच्या पाया पडायचं. मामा-भाच्यानं एका नावेत बसू नये. अन् भाच्याले मामाचा पाय लागला तं ते पाप कुठं फेडावं, हे कोणी सांगत नाही. शालिक रांगत होता तव्हा झोपेत माहा पाय त्याले लागला होता, तं म्या दिवसभर अन्न घेतलं नव्हतं.

तं गाडीतून उतरवून मले बाजेवर घालून आत नेलं. समोर पांढरा कोट घालून शालिक उभा. डोळ्यात पाणीच आलं माह्या. बाज खाली टेकली तसा मी कोपरावर सरकलो अन् त्याच्या बुटावर डोकं ठेवलं. पांढऱ्या मिशांचा म्हातारा पोराच्या पाया पडून राह्यला हे पाहून एक कोणी खिंकाळला. तेवढ्यात कारकुनानं नाव पुकारलं, उकंडा, अन् मंग सारीच हसली. शालिकचं तोंड लाल झालं. तो म्हणाला, "बाबा, पाया नका पडू. इथं सारे रोगी सारखे."

मामा नाही, बाबा म्हणाला मले, कोण्याही म्हाताऱ्याले म्हणावं तसं. मले वाटलं, लोकांपुढं म्हणाला असेल.

दुपारी खोलीत कोणी नव्हतं तव्हा तो माह्या खाटेपाशी आला. हळूच म्हणाला, "मामा, एक सांगू? राग नका मानू. इथं मले भाचा म्हणू नका. अन् पाया तं बिलकूल पडू नका. लोक हसून राह्यले."

"मंग काय म्हणू बे तुले?"

"सारे मास्तर म्हणतात, तेच म्हणा."

"हाव, मास्तर," म्या म्हटलं. चिडूनच म्हटलं. पण त्याले ते बरं वाटलं, तो चादर नीट करून निघून गेला.

त्याचं कारण मले शेजारच्या खाटेवरच्या वामनरावानं सांगतलं. गडी गप्पिष्ट होता. म्हणे, "हे मास्तर मोठ्या घरचे हायत बरं. याचे मामा रोहिणखेडले जमीनदार हायत. घोडीवर फिरतात. यानं हौस म्हणून नोकरी धरली."

"असं का?" म्या म्हटलं. "मोठा माणूस दिसते मामा."

"तं काय," वामनराव म्हणाला.

मी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. माह्या धोतराले गोजरनं ठिगळ लावलं होतं, ते मांडीखाली दडपलं. खोटं शालिक बोलला होता अन् लाज मले येऊन राह्यली होती. पोरानं लोकांत आपली झाकली मूठ ठेवली, अन् ती उघडी पाडाले मी लंगडत आलो, असं मले वाटलं. राग यायले पाहिजे होता. माहा राग गावात परशिद्ध हाय. पण त्या खोलीत तो काही आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून कसरत सुरू झाली. तेल लावून मालिश झाली, चाकावरच्या दोरीनं पाय वर घेतला, घोट्याले वाळूची पिशवी बांधून उचलला. ते सारं म्या केलं, घाम फुटला तरी केलं. मंग सत्यभामाबाई आली. नागपूरची बाई, आवाज कडक, हात मऊ. म्हणाली, "उकंडराव, आता खरी कसरत. गुडघा वाकवा, आणि शालिग्रामच्या तळहातावर तळपाय टेकवून जोरानं ढकला. लाथ मारल्यासारखं. हा जोर आला की तुम्हाला उभं करीन. तो येण्याआधी उभं केलं तर हाड पुन्हा मोडेल."

शालिक माह्या पायथ्याशी बसला. दोन्ही हात पुढं केले अन् म्हणाला, "मारा लाथ, बाबा."

म्या तळपाय त्याच्या हाताजवळ नेला अन् तिथंच ठेवला. लागू दिला नाही. त्यानंच हात पुढं करून माहा पाय धरला, तं मी सारा पाय ढिला सोडला. मेलेल्या सापासारखा.

"ढकला ना," बाई म्हणाली.

"नाही होत, बाई," म्या म्हटलं.

दुसऱ्या कोणाचा हात मागावा, तं बाई विचारणार, काऊन? अन् काऊनचं उत्तर एकच होतं. ते सांगतलं का घोडीवर फिरणारा रोहिणखेडचा मामा खाटेवर पडलेला सापडला असता. म्हणून गप्प बसलो. वाटलं, शालिकले आज ना उद्या आठवंल आपला मामा आपल्याले लाथ मारत नसते. माह्याच घरात वाढला तो. पण शहरची हवा म्हणा का पांढरा कोट म्हणा, त्याले काही आठवलं नाही.

जोर नव्हता असं नाही. दुपारी सारे पेंगले का मी खाटेच्या लोखंडी गजाले पाय लावून रेटा द्यायचो. खाट करकर वाजायची. एकदा वामनरावाची झोप मोडली, तं म्या डोळे मिटून घोरल्याचं सोंग केलं. मले मनातून हसू यायचं अन् रडूही. माहा पाय जिवंत हाय हे मले अन् त्या गजाले ठाऊक होतं.

गोजर धर्मशाळेत उतरली होती, भाकर घेऊन यायची. तिले म्या सांगतलं. ती म्हणाली, "सांगून टाका ना बाईले. पाय गेला तं मोट कोण हाकंल? मी?"

"पोराची अब्रू जाईल."

"अन् तुमचा पाय?"

"आपलेच दात अन् आपलेच ओठ, गोजर. कोणाच्या नावानं बोंबलू?"

तिनं भाकर सोडून ठेवली अन् पदरानं डोळे पुसले.

रोज तेच चाललं. बाकीच्या कसरतीत पाय सुधरून राह्यला, अन् ढकलायची वेळ आली का मेला. बाईलेही कोडं पडलं. शालिकले बाईचे बोल बसू लागले, का तुझ्या हातचा हा एकच रोगी पुढं सरकत नाही. एक दिवस बाई त्याले सगळ्यांपुढं बोलली, अन् त्याचं डोकं फिरलं. तो माह्याकडं वळून म्हणाला, "हा माणूस अंगचोर हाय, बाई. करायचंच नाही याले. फुकटच्या खाटेवर लोळायची सवय लागली."

अंगचोर. जनम गेला माहा, मोट हाकून, वाफे खांदून. हा पोर लहान होता तव्हा तापात फणफणला होता, तं म्या त्याले खांद्यावर घेऊन बीबीहून मेहकरले पायी आणला होता, त्याच पायानं. तोंडाशी आलं सारं. पण वामनराव पाहून राह्यला होता, सारी खोली पाहून राह्यली होती. म्या भिंतीकडं तोंड केलं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. शालिकची लाज वाटली का आपली, ते आजही नीट सांगता येत नाही.

मंग मोठ्या डाक्टरची फेरी झाली. त्यानं बाईले इचारलं, बाईनं शालिकले इचारलं, अन् शालिक म्हणाला, "ढकलायचा जोर नाही. बाकीच्या कसरतीचा काही उपयोग नाही." डाक्टर म्हणाला, शीर मेली असेल, कुबडी देऊन घरी पाठवा, खाट दुसऱ्याले पाहिजे. बाईनं माह्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "मला वाईट वाटतं, उकंडराव." ते ऐकून मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगली बाई, तिलेही मी फसवून राह्यलो होतो.

गावाहून इंद्रभान बैलगाडी घेऊन आला. माहा शेजारी, अंगानं दणकट, अकलेनं बेताचा. दवाखान्याच्या पायरीशी गाडी लावली. कुबडी गोजरच्या हातात. बाई व्हरांड्यात उभी, शालिक तिच्या मागं. मले गाडीच्या काठावर बसवलं, अन् आत सरकवाले इंद्रभान पुढून आला. माह्या काखेत हात घातले अन् त्याचा पाय घसरला. तो सारा माह्या अंगावर येऊ लागला. म्या काही विचार केला नाही. मोडका पाय उचलला, त्याच्या छातीवर रोवला अन् दिला रेटा. इंद्रभान दोन हात मागं जाऊन धुळीत बसला.

"आयला, उकंडभाऊ," तो छाती चोळत म्हणाला, "कोण म्हणते पाय मेला?"

बाई पायऱ्या उतरून आली. तिनं आपला तळहात माह्या तळपायाशी धरला. "ढकला."

"बाई, तुम्ही..."

"ढकला म्हणते ना."

म्या डोळे मिटून ढकललं. बाईचा हात मागं गेला. तिनं दोन्ही हात लावले, तेही मागं गेले.

"हा जोर काही आज आलेला नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मग इतके दिवस का नाही ढकललंत? मला खोटं का पाडलंत?"

म्या शालिककडं पाहिलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. आत्ता त्याले आठवलं होतं. बुटाकडं पाहून राह्यला होता, ज्याच्यावर म्या डोकं ठेवलं होतं त्याच बुटाकडं. व्हरांड्यात वामनराव येऊन उभा राह्यला होता. म्या मान खाली घातली अन् बाईले म्हटलं, "अंगचोरी केली, बाई. मास्तर खरंच बोलले. फुकटची खाट ग्वाड लागली."

गोजरनं तोंडाले पदर लावला. इंद्रभान काही बोलाले गेला, म्या त्याले डोळ्यानं दाबलं. बाई माह्याकडं पाहत राहिली. पटलं नव्हतं तिले.

तव्हा शालिक पायऱ्या उतरला. म्हणाला, "बाई, हे माहे मामा हायत. सख्खे. बीबीचे. यायनंच मले वाढवलं. म्या यायले सांगतलं होतं, भाचा म्हणू नका म्हणून."

बाई नागपूरची. तिकडंही भाचा देवच, तिले रीत सांगावी लागली नाही. ती हळूच म्हणाली, "आणि तू रोज त्यांना तुझ्या हातावर लाथ मारायला सांगत होतास?"

शालिक वाकला अन् माह्या पायाले हात लावाले गेला. म्या पाय झटकन वर ओढला. "पाप नको चढवू माह्यावर," म्या म्हटलं. कोणी हसलं नाही. हसले असते तं बरं झालं असतं.

बाईनं गाडी परत पाठवली. त्या दिवसापासून ती स्वतः माह्या पायथ्याशी बसली अन् म्या तिच्या हातावर लाथा मारल्या, लाजत लाजत. संध्याकाळी शालिक पितळीत च्या घेऊन आला. सगळ्या खोलीले ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, च्या घ्या."

"ठेवा, मास्तर," म्या म्हटलं.

सवयीनं निघालं. टोमणा नव्हता. तो तसाच पितळी धरून उभा राह्यला. म्हणाला, "शालिक म्हणा ना, मामा." म्या तसं म्हणायले तोंड उघडलं, अन् पुन्हा मास्तरच आलं.

आता मी चालतो, मोटही हाकतो, जरा लंगडतो इतकंच. शालिक दर अखजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, बीबीले येते. पांढरा कोट नसते अंगात. साऱ्या गावापुढं मामा म्हणते. मी त्याच्या पाया पडतो, अन् उठता उठता दर खेपेले तोंडातून निघते, "या, मास्तर." गोजर म्हणते, तुम्ही मुद्दाम करता. मुद्दाम नाही करत हो. पोरगा दर वर्षी मान खाली घालते, अन् मले त्याच्याकडं पाहवत नाही.